फड्याचं पाणी, ताईची भिंत

१९ सप्टेंबर
जतहून निघालो होतो महाबळेश्वरला, हॉटेलात काम बघायला. वडूजला उतरलो, म्हटलं ताईकडं एक रात्र काढू. वडापच्या जीपनं गावात. ताईच्या मातीच्या खोलीची पश्चिमेची भिंत यंदा परत गळलीय, लिंपणाचे पोपडे खाली. ताई त्याच खोलीत शिलाईकाम करते. उन्हाळ्यात पण गार असते. दाजी मिलिटरीत, दसऱ्याला सुट्टीवर येणार. फोनवर म्हणाले, "आवंदा पाडायचीच. सिमेंटची खोली, वर पत्रा." ताई नुसतं हूं. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "मे महिन्यात पत्र्याखाली मशीनवर कोण बसंल? हे बसत्यात का?"

२० सप्टें.
जतला रफिकचाचा गवंड्याच्या हाताखाली काही दिवस काम केलं, तेव्हा ते एकदा म्हणाले होते, "आमचं वडील गिलाव्यात फड्या निवडुंगाचं पाणी घालायचं. मी न्हाई कधी केलं. तू रिकामा हायस, बघ करून." इथं ओढ्याकाठी फड्या रान माजलाय. (पुढं नुसतं फ. लिहितो.) महाबळेश्वर उद्या.

२१ सप्टें.
महाबळेश्वर राहिलं. फ. ची पानं कोयत्यानं तोडून आणली. मोठे काटे दिसतात. केसासारखे बारीक असतात ते बेकार. जाळावर भाजले, तरी हातात शिरले. ताई चिमट्यानं काढत बसली. "नोकरी शोधायला आलास का काटे मोडायला?" चिरून बादलीत भिजत घातलं.

२३ सप्टें.
पाणी भेंडीसारखं बुळबुळीत. बोट बुडवून वर घेतलं तर तार तुटेना. कुठं जाते ही तार मातीत? वास मात्र... ताईच्या सासूबाई, आत्याबाई, नाकाला पदर लावून: "पितरपाटात काय नासवलंयस रं? कावळाबी शिवायचा न्हाई घासाला."

२५ सप्टें.
मातीचे दोन गोळे. एक साध्या पाण्यात मळलेला, एक फ. च्या. वाळवून ताटलीत पाण्यात ठेवले. साधा गोळा चहा होईस्तोवर विरघळला. फ. वाला बसून. जेवण झालं तरी बसून! पाणी आत शिरत नाही, की मातीच मातीला धरून ठेवते? चाचांना फोन केला. "मला काय इचारतोस, गोळ्याला इचार." लय हसले. ताईनं गोळा बोटानं दाबून बघितला. म्हणाली, "भिंत कवा लिंपायची?"

२९ सप्टें.
लिंपली. पांढरी माती, शेण, गव्हाचं भुसकाट, फ. चं पाणी. ताईनं बजावलं होतं, भुसकाट चाळून घे. घेतो म्हटलं. तेवढ्यात शेजारच्या गावात बैलगाड्यांची शर्यत आहे असं कळलं... आलो तर ऊन कलतीला लागलेलं. न चाळताच तुडवलं. एका बैलाच्या शिंगाला निळा रंग होता, तसा कुठं बघितला नाही.

१ ऑक्टोबर
अजून ओली. साधं लिंपण एव्हाना वाळून चिरलं असतं. हे ओल धरून बसलंय. चीर एकही नाही. दर घंट्याला हात लावून येतो. आत्याबाई: "ताप बघतोयस का तिचा?"

५ ऑक्टो.
परवा घट बसले. आज भिंतीला हिरवे कोंब. गहू! भुसकाटातला. ताईला सांगेस्तोवर आत्याबाई आल्या. "आगं बया! देवीनं भिंतीवर घट बसवला!" दुपारपर्यंत आळीतल्या बायका, भिंतीला हळदीकुंकू. मी म्हटलं, "आवं आत्याबाई, भुसकाटात गहू राहिला हुता."
"मग घटात काय असतंय? गहूच की!"

७ ऑक्टो.
गहू बोटभर. मुळं आत गेली तर लिंपण सुटणार, आणि फ. चा दोष की माझा, ते कधीच कळायचं नाही. आत्याबाई उपटू देत नाहीत. चाचा फोनवर: "मूळ फोडतंयबी, धरतंयबी." आता यातलं घेऊ कुठलं? ताई मात्र, "हे येईपतूर वाढू दे."

१० ऑक्टो.
दाजी आले. गणवेशातच खोलीत. "ही भिंत हाय का वाफा?" पहार काढली. आत्याबाई आडव्या. "दसऱ्याआधी हात लावशील तर बघ." दाजी: "बरं. देवीला दसऱ्यापतूर मुदत." मला बाजूला घेऊन, "पाव्हणं, खरं सांगा, हे तुमीच पेरलंय न्हवं?" शपथ घेतली. विश्वास बसला नाही.

१२ ऑक्टो., दसरा
घट उठले. भिंतीवरचा पहिला तुरा दाजींनीच उपटला, टोपीत खोवायला. मूळ तुटून आतच राहिलं, लिंपण जागेवर. दाजींनी दुसरा उपटला, मुद्दाम हिसका देऊन. वाटाण्याएवढं भोक, बस. मग म्हणाले, "बादली आण." अंगातला सगळा जोर लावून पाणी मारलं. खाली ओघळ आले, जरा गढूळ. बोटानं भिंत घासून बघितली. "एक बादली म्हंजे पाऊस न्हवं." बरोबर आहे. पण पहार मारली नाही. गोठ्यातही नेली नाही, भिंतीलाच टेकवून ठेवली.

१४ ऑक्टो.
पश्चिमेकडून काळं येतंय. परतीचा. राहिलेला गहू उपटला, सगळी भोकं फ. च्या पाण्यात मळलेल्या मातीनं बुजवली (चाळून!), पण ती अजून ओली. दाजी: "ह्या पावसात टिकली तर टिकली. न्हाई तर पहार हायच."
ताईनं मशीन ओढत त्याच भिंतीखाली आणलं. "हितं उजेड चांगलाय." खिडकी समोरच्या भिंतीला आहे. दाजींनी खिडकीकडं बघितलं, मशीनकडं बघितलं, आणि उंबऱ्यावर जाऊन बसले. माझी महाबळेश्वरची पिशवी अजून खुंटीलाच. शेजारच्या पत्र्यावर टपटप सुरू झाली. आत मशीन चालूच.