निम्म्या ठेवीची बायको

बान नोंग खोन, उदोन
१४ फेब्रुवारी

ति. खामपुनताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार तुझ्या पांढऱ्या वस्त्रांना आहे, विनंती मात्र डोकं भादरण्याआधीच्या माझ्या ताईला. तुमच्या मठात फोन चालत नाही ते बरंच आहे. हे सगळं मला तोंडाने सांगता आलं नसतं.

इकडे आंब्याचा मोहर ठीक, कोंबड्या ठीक. नॉर्मनचा पाय ठीक नाही. साखरेमुळे टाचेला जखम झाली होती ना, ती आता वाटीएवढी झाली आहे. सकाळ-संध्याकाळ मी पट्टी बदलते. वासाचं काय सांगू! बारा वर्षं या माणसाने माझी मुरवलेल्या माशांची बरणी खुराड्यामागे ठेवायला लावली, रोज नाक मुरडलं. आता त्याचा पाय त्या बरणीवर वरताण आहे.

पण मला किळस आली ती पायाची नव्हे. लग्नाला बारा वर्षं झाली, तरी थाई सरकारदरबारी नॉर्मन इथे राहतो तो निवृत्त परदेशी म्हातारा म्हणून. त्या व्हिसाला बायको लागत नाही, बँकेत मोठी ठेव दाखवली की झालं. यंदा ठेवीतले पैसे इस्पितळाने खाल्ले. लग्नाच्या व्हिसाला निम्मी ठेव पुरते. तर परवा मी पू पुसत असताना साहेब म्हणतात कसे, की यंदा लग्नाचा करू या, स्वस्त पडतो.

स्वस्त! ताई, मी काय बाजार उठताना उरलेली वांगी आहे?

गेल्या साली त्याला बिअर बारमधून आणायला गेले होते, तेव्हा त्याचा दोस्त वॉर्विक टेबलावरच्या सगळ्यांना शहाणपण शिकवत होता. म्हणत होता, की व्हिसा घ्यावा तो निवृत्तीचाच, म्हणजे उद्या बायकोने हाकललं तरी देशात राहता येतं. नॉर्मन मान डोलावून हसत होता. मला येतं तेवढं इंग्रजी त्या दिवशी नको इतकं उपयोगी पडलं. हाच वॉर्विक आता वासाच्या भीतीने फाटकातूनच हात हलवतो. एका दलालाचं नावही देऊन गेलाय, तो म्हणे पंधरा दिवसांपुरती खोटी ठेव दाखवून देतो. शी!

आणि लग्नाच्या व्हिसाला काय काय लागतं, ऐक. फाटकापाशी घराच्या नंबरासकट दोघांचा फोटो. बैठकीत फोटो. मग पलंगावर शेजारी शेजारी बसून फोटो. बावन्नाव्या वर्षी! वर ते लोक घरी येऊन शेजाऱ्यांना विचारणार, की ही दोघं खरंच नवरा-बायको आहेत का.

त्या अर्जावर मी सही केली नाही, तर एप्रिलअखेर त्याला देश सोडावा लागेल. तो सडका पाय घेऊन मायदेशी होबार्टला जाईल, जिथे त्याचं कुणी नाही. तरी नाही म्हणावंसं रोज वाटतं. काय करू ते कळव.

माया पाठव. या घरात सध्या तिचाच तुटवडा आहे.

तुझी धाकटी,
वानपेन

—

डोंगरावरचा मठ, लोई
२३ फेब्रुवारी

चि. वानपेनला अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

पत्र पोचलं. मी डोक्यासोबत भुवयाही काढल्या आहेत, डोळे नाहीत. तू नवऱ्यावर जेवढी चिडली आहेस त्याच्या दुप्पट स्वतःवर चिडली आहेस, हे मला इथून दिसतं.

आमचे गुरुजी आम्हाला देहाच्या किळसवाणेपणावर ध्यान करायला लावतात. रक्त, पू, केस, नखं. अकरा वर्षं डोळे मिटून मी पुवाचं चिंतन करते आहे, आणि काल कुत्रं ओकलं तर लुगडं सावरून लांबून गेले. तू रोज दोनदा डोळे उघडे ठेवून करतेस. म्हणून लगेच स्वतःला साध्वी समजू नकोस, तुझी जीभ लहानपणापासून तिखट आहे.

खोट्या ठेवीच्या वाटेला जाऊ नका. पकडला गेला तर पायाआधी माणूस सडेल. आणि त्याला सरळ मागू दे. स्वस्त पडतं म्हणून नव्हे, मित्र म्हणतो म्हणून नव्हे. तुझ्याकडे बघून म्हणू दे, की मला इथे राहायचंय, तू सही कर. त्याने मागितलं तर दे. नाही मागितलं तर त्याचं विमान त्याने शोधावं.

इथे थंडी फार आहे. तू विणलेली टोपी उघड्या डोक्याला खाजते, तरी घालते. आशीर्वाद आहेतच, ते तू मागितले नाहीस तरी.

ताई

—

बान नोंग खोन
२० मार्च

ति. ताईस,

सा. न. आणि धपाटा पोचला.

तू सांगितलंस तसं मी त्याला म्हटलं, की माग. चार दिवस तो बँकेचं पासबुक घेऊन बसला. पाचव्या दिवशी पुन्हा म्हणाला, की हिशोबाने बघितलं तर हेच सोयीचं आहे. मी पट्टीचं तस्त अंगणात भिरकावलं आणि जखम उघडीच टाकून भात शिजवायला गेले. माश्या बसायला लागल्या तेव्हा त्याने हाक मारली. म्हणाला, की पहिल्या बायकोने त्याच्या कपड्यांच्या पिशव्या फुटपाथवर ठेवल्या होत्या. तेव्हापासून दुसऱ्याने नाही म्हणावं अशी गोष्ट तो मागतच नाही. दरवर्षी माझ्यापुढे हात पसरावा लागू नये म्हणून निवृत्तीचा व्हिसा. आणि मग रडत म्हणाला, की आता मागतो, मला इथून घालवू नकोस.

मला दया आली असं तुला वाटेल. मला रागच आला. बारा वर्षं हा माणूस दाराशी चपला घालून तयार बसला होता, आणि मी आपली त्याचे शर्ट इस्त्री करत होते! पण त्याने मागितलं होतं. सही केली.

परवा व्हिसाच्या कचेरीतली माणसं आली. एक तरुण बाई, एक फोटोवाला. बाईंनी फाटकातच कापराची हुंगायची नळी नाकाला लावली ती जाईपर्यंत काढली नाही. पलंगाचा फोटो हवा म्हणाल्या. मी सांगितलं, की पाय चिघळल्यापासून हा खाली बाजेवर झोपतो आणि मी शेजारी चटईवर, पलंगावर सध्या कांदे वाळत आहेत. फोटो कांद्यांचा काढा, नाहीतर आम्ही जिथे असतो तिथला काढा. वेळ पट्टीची होती. मी कुणासाठी थांबत नाही. फडकं सोडलं तसा फोटोवाला बाहेर पळाला आणि आपल्या केळीखाली ओकला.

मग बाईंनी शेजारच्या च्वेआमावशीला विचारलं. तीच ती, लग्नात म्हणाली होती की सहा महिने टिकलं तर माझा कान काप. मावशी म्हणाली, की पगारी बाई असती तर कधीच पळाली असती, हे बायकोचंच काम आहे. बाईंनी लिहून घेतलं. नॉर्मनने विचारलं, मावशी काय म्हणाली. मी सांगितलं नाही.

माशांची बरणी मी स्वयंपाकघरात आणून ठेवली आहे. त्याने नाक मुरडलं नाही. निकाल महिन्याभराने. तोवर माया रोखून धरू नकोस.

वानपेन

—

बान नोंग खोन
२८ एप्रिल

ति. ताईस,

नमस्कार रागातच घे.

शिक्का मिळाला. वर्षभर राहता येईल. पण शिक्क्याखाली हाताने काय लिहिलंय ठाऊक आहे? थाई बायको. एवढंच. कोण, कुठली, नाव नाही. दुकानात मीठ, साबण, थाई बायको. मला इतकं घाण वाटलं की मी पासपोर्ट त्याच्या अंगावर टाकला आणि काय लिहिलंय ते, काय लिहिलं नाहीये ते, सगळं ऐकवलं. त्याने पासपोर्ट उचलून उशीखाली ठेवला.

काल परदेशी माणसाची दर तीन महिन्यांची हजेरी द्यायला कचेरीत गेलो. त्याच नळीवाल्या बाई. पासपोर्ट उघडला आणि किंचाळल्याच. शिक्क्याखाली, थाई बायकोच्या पुढे, बॉलपेनने माझं नाव. आपल्या लिपीत! बारा वर्षांत या माणसाला आपलं एक अक्षर गिरवता आलं नाही. म्हणे मी बाजारात गेल्यावर विजेच्या बिलावरचं माझं नाव बघून काढलंय. अक्षरं अशी, की कोंबडी शाईत पाय बुडवून चालली आहे.

बाईंनी झापझाप झापलं. सरकारी कागदावर खरडणं म्हणजे पासपोर्ट बाद. आता बँकॉकहून नवा आणायचा, सगळे शिक्के त्यावर उतरवून घ्यायचे, आणि बायकोने पुन्हा येऊन सह्या करायच्या. असं का केलंत, असं विचारल्यावर आपल्या मोडक्यातोडक्या थाईत म्हणाला, की काम अर्धवट ठेवलं होतं, मी पुरं केलं. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेला, तिथेही असंच बोलत असणार.

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. त्या प्लास्टिकच्या खुर्च्या, ती रांग, तो नळीचा वास, सगळं पुन्हा. येताना बसमध्ये मी त्याच्यापासून दोन बाकं पुढे बसले. घरी आल्यावर पट्टी मात्र बदलली. जखम कडेने थोडी गुलाबी दिसते आहे.

नवा पासपोर्ट आला की जुन्याचा कोपरा कापून तो परत देतात म्हणे. तो मी त्याला देणार नाही. माझ्याकडे ठेवणार आहे.

माया आता थोडी कमी पाठवलीस तरी चालेल.

तुझी,
वानपेन