चावी माह्या खिशात होती

बाबा, गाडीखाली जाणाऱ्यानं चावी आपल्या खिशात ठेवायची, हे तुम्ही मले शिकवलं. तुम्हाले जाऊन अठरा वर्षं झाली, पण तो नियम मी एक दिवसही मोडला नाही. त्याच नियमापायी काय झालं ते तुम्हाले सांगायचं राह्यलं आहे. दुसऱ्या कोणाले सांगायची हिंमत नाही, म्हणून हे लिहून राह्यलो. अक्षर वाकडंतिकडं आहे, रागावू नका. डाव्या हाताचं आहे. उजव्या हाताची दोन बोटं आता नाहीत.

तुम्हाले तो सरकीचा ट्रक आठवते काय? नेरच्या कापूस बाजाराजवळ, लिंबाखाली आपलं टिनाचं शेड होतं. तुम्ही ट्रकखाली गिअरबॉक्सपाशी उताणे पडून होते अन् मी सोळा वर्षांचा, मिशी फुटून राह्यली म्हणून स्वतःले मोठा मिस्त्री समजणारा. चावी स्टिअरिंगपाशी तशीच लटकून होती. हॉर्न वाजते का पाहावं म्हणून मी चढलो अन् फिरवली. ट्रक गिअरमधी होता. एक हिसका खाऊन हातभर पुढं सरकला. तुम्ही खालून निंगाले, आधी चावी काढून खिशात घातली, मंग माह्या कानाखाली अशी वाजवली की ग्रीसची पाचही बोटं गालावर उठली. मले वाटलं, झालं, संपलं. पण तुम्ही म्हटलं, "आज तोंड धुवायचं नाही. जो इचारंल त्याले सांगायचं, मी आज माह्या बापाले मारून राह्यलो होतो म्हणून." दिवसभर मी तसाच हिंडलो. चहावाल्यानं विचारलं, हमालाईनं विचारलं, घरी आईनं विचारलं. प्रत्येकाले सांगतलं. आईले सांगताना तर रडूच आलं. संध्याकाळी तुम्ही रॉकेलचा बोळा घेऊन स्वतः माहा गाल पुसला अन् म्हटलं, "सांगून झालं ना? मंग संपलं." पुढच्या दिवाळीले मले खाकी पँट शिवली, तिले आतून उजव्या बाजूनं चोरखिसा, वर बटन. चावीसाठी. त्या पँटीचा मले केवढा माज होता, काय सांगू.

तुमच्या सुनेनं पुढं माह्या एकूण एक पँटीले तसा खिसा शिवला. लग्नाच्या पहिल्या महिन्यात तिनं विचारलं होतं, "यात पैसे ठेवता का बायकोपासून लपवून?" मी म्हटलं, जीव ठेवतो. ती हसली, पण खिसा शिवायले कधी विसरली नाही. तुम्ही गेले तेव्हा ती घरात नवीनच होती, तुम्हाले चहा द्यायलेही लाजत होती, म्हणून तुम्हाले ती फारशी माहीत नाही. माहीत असायले पाहिजे होती. तोंडानं फटकळ, पण कोणाचं मन दुखलं की रातभर झोप नाही तिले.

दोन वर्षांआधी तिच्या पाठीच्या मणक्यात गाठ निंगाली. नागपूरच्या दवाखान्यात मशीनच्या किरणांचा शेक द्यायचा ठरला, बऱ्याच दिवसांचा. तिथं दूरच्या बहिणीकडं राहू म्हटलं, तर म्हणते, मले माह्याच घरी झोप लागते. म्हणजे हप्त्यातून तीनदा जाणं-येणं. आपल्या जुन्या जीपमधी तिले एकदा तपासणीले नेलं, अन् पहिल्याच गतिरोधकावर ती अशी ओरडली की मी गाडी कडेले लावून खाली उतरलो. रस्त्याकडं पाठ करून उभा राह्यलो थोडा वेळ. त्याच आठवड्यात मी ती मोठी गाडी घेऊन आलो. एका ठेकेदाराची होती, मागून बसली म्हणून त्यानं अंगणात टाकून ठेवलेली. बाबा, या गाडीले पाटे नाहीत, स्प्रिंगही नाही. चारही चाकांवर रबराचे बलून असतात अन् एक कॉम्प्रेसर त्याईत हवा भरते. तुम्ही म्हटलं असतं, "हवेवर गाडी? फुगा आहे काय बे?" पण खड्डा आला तर आतल्या माणसाच्या मांडीवरची चहाची बशी हालत नाही. अन् आणखी एक. दार उघडलं की ही गाडी खाली बसते. म्हाताऱ्या-कोताऱ्यांले चढायले सोपं जावं म्हणून आपोआप चारही अंगानं वीतभर खाली येते. पहिल्या दिवशी तिनं ते पाह्यलं अन् कमरेवर हात ठेवून म्हटलं, "पाहा, हे मले पाहून गुडघे टेकते. तुम्ही टेकले काय कधी?" आजारी पडल्यापासून इतकी मोकळी ती पहिल्यांदाच हसली होती.

मागचा उजवा बलून चिरलेला होता. साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे निंगत. तासाभरात गाडी एका कुशीवर यायची, लंगड्या बैलावानी. नागपूरच्या एका जुने पार्ट विकणाऱ्याकडून बलून आणला अन् घरच्याच अंगणात बसवायले घेतला. शेक दुसऱ्या दिवसापासून सुरू होणार होता. मी सगळं तुमच्या पद्धतीनं केलं. जॅक लावला, तुमचे सागाचे दोन ठोकळे अजून आहेत, ते खाली दिले, चारही दारं कुलूप केली, चावी चोरखिशात, वर बटन. नळी काढली, जुना बलून काढला, नवा बसवला. चाक चढवलं, ठोकळे अन् जॅक काढले, गाडी चालू करून पूर्ण उंचीवर नेली, बंद केली, परत कुलूप लावलं. आता फक्त वरचा जोड पाह्यचा राह्यला होता, हवा निंगून राह्यली का ते. त्यासाठी चाकाच्या वर, पत्र्याच्या खाली हात घालून फेस लावा लागते. मी बसलो अन् उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. कान जोडापाशी.

सकाळचे दहा वाजले असतील. ती घरातून निंगाली, भिंतीले धरत धरत. मले ती दिसली नाही अन् तिले मी दिसलो नाही, मी चाकामागं होतो. उद्या जायचं म्हणून तिले एकदा आपल्या मनानं, कोणाचा हात न धरता चढून पाह्यचं होतं. हे तिनं मंग सांगतलं. तिनं पुढच्या दाराले हात लावला, दार उघडलं, अन् गाडी बसली.

चाक अन् पत्र्याच्या मधात माहा हात होता. आवाज मलेच ऐकू आला. ती धावत आली, म्हणजे तिच्यानं जेवढं धाववलं तेवढं. "चावी! चावी कुठं आहे? सांगा ना!" चावी उजव्या बाजूच्या चोरखिशात, बटनाखाली, अन् डावा हात तिथं पोहोचत नाही. जिले चार महिने वाकता येत नव्हतं ती बाई मातीत गुडघे टेकून बसली, बटन काढलं, चावी बाहेर काढली. पण कोणती कळ दाबली की गाडी उचलते हे तिले काय माहीत? मले बोलता येत नव्हतं, नुसती बोंब निंगत होती. समोरचे पंक्चरवाले चाचा जॅक घेऊन आले. "भाई, हाथ मत खींचो, थोडा सबर," म्हणत त्याईनं पत्रा उचलला. हात बाहेर आला तसा मी तिच्याकडं पाह्यलं अन् म्हटलं, "कायले हात लावला तू? तुले कोणी सांगतलं होतं?" पुढं जे म्हटलं ते तुम्हाले लिहीत नाही. सगळी गल्ली जमली होती. ती चावी छातीशी धरून नुसती मान हालवत होती.

पंधरा-वीस दिवसांनी त्या पार्टवाल्याचा फोन आला, बलून टिकला का म्हणून. मी झालेलं सांगतलं. तो म्हणते, "मिस्त्री, चावी कुठं होती तवा?" म्हटलं, खिशात. चावी दुसरीकडं ठेवतो काय मी? "मंग दार वहिनीनं नाही उघडलं, तुम्ही उघडलं. या गाड्याईची चावी फिरवा लागत नाही. नुसती जवळ असली की गाडी झोपत नाही, जागी असते. हात लावला की कुलूप उघडते. काम करताना चावी दूर घरात ठेवा लागते, डब्यात. अन् उंची धरून ठेवायचा एक पर्याय असते, तो दाबला काय?" नव्हता दाबला. मले माहीतच नव्हता. तीस वर्षं मिस्त्रीकाम केलेला माणूस, नवीन काही विचारायची लाज वाटते. तुमचा नियम पाठ होता, तेवढ्यावर मले वाटलं मले सगळं येते. चावी घरात असती तर दार उघडलंच नसतं, बाबा. तिनं दोनदा ओढून पाह्यलं असतं, मले हाक मारली असती, "अवो, उघडा ना हे," अन् मी हात काढून उठलो असतो.

फोन ठेवला तेव्हा ती चुलीपाशी माह्यासाठी भात कालवून राह्यली होती, उजव्या हातानं जेवता येत नाही म्हणून. तिथंच सांगायचं होतं. एक वाक्य होतं. मी घास खाल्ला. म्हटलं, उद्या सांगीन.

काहून सांगतलं नाही, याचं उत्तर मी लय शोधलं. तुमच्या नियमाले बोल लागू नये म्हणून, असं मी स्वतःले सांगत होतो. तसं नाही. गल्लीसमोर तिले बोललो होतो, आता त्याच गल्लीत माहं नाक खाली गेलं असतं, गिऱ्हाईक म्हटलं असतं याले नवीन गाड्याईचं काही येत नाही. तेवढंच. अन् खरं सांगू? चूक तिची आहे असं रोज तिच्या तोंडून ऐकायची मले सवय लागली होती.

ती मंग त्या गाडीत बसलीच नाही. चाचाचा मोठा पोरगा चालवायले तयार होता, गाडी दारात उभी होती, बलून तर असा बसला होता की महिनाभरात तिळभर खाली आली नाही. माह्या हातचं तेवढं चोख काम दुसरं झालं नसंल. ती म्हणे, "त्या गाडीचं नाव काढू नका. तिनं तुमचा हात खाल्ला, तोही माह्यापायी." मंग एसटीनं. नेरहून यवतमाळ, यवतमाळहून नागपूर. गतिरोधक दिसला की ती समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातानं धरून स्वतःले सीटवरून उचलून घ्यायची, पाठीले दणका बसू नये म्हणून. वर्ध्याच्या पुढं तिच्या हातात ताकद राहत नसे. मंग ती डोळे मिटायची अन् ओठ चावायची. मी बाजूले बसलेलो असायचो, पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन. लोकं आम्हा दोघांकडं पाहून जागा देत. ती माह्याच हाताकडं पाहून विचारायची, "दुखते काय हो लय?" एक वाक्य बोललो असतो, तर ती शेवटचा सगळा प्रवास बशी न हालणाऱ्या गाडीत झोपून गेली असती. येता-जाता मी ते वाक्य तोंडात घोळवलं. दरवेळेस यवतमाळच्या स्टँडवर गिळलं.

शेकानं गुण आला नाही. पोळ्याच्या सुमारास डॉक्टरनं घरी न्यायले सांगतलं. तेव्हाही ती एसटीनंच आली.

आता कोणी विचारलं, मिस्त्री, हाताले काय झालं, तर माहं उत्तर ठरलेलं आहे: घरच्या बाईनं चुकून दार उघडलं. कालही एकाले तेच सांगतलं. तो हळहळला. म्हणे, बिचारीले किती वाईट वाटलं असंल. मी म्हटलं, हो. तुमच्या ग्रीसच्या पंजाले मी दिवसभरात दहा जणांपुढं उत्तर दिलं होतं, बाबा. आता गालावर काहीच नाही, म्हणून कोणी ते विचारत नाही. हा कागद हत्याराच्या पेटीत तुमच्या पान्यांखाली जाईल, तुम्हाले कुठं धाडू? पण एक गोष्ट अजून लिहिली नाही, अन् ते लिहायलेच बसलो होतो.

ती गेली त्याच्या तीन दिवस आधी, दुपारी, तिनं माहा तो उजवा हात आपल्या हातात घेतला. उरलेल्या बोटांवरून हात फिरवला अन् विचारलं, "माह्यावर राग तर नाही ना आता? माफ केलं ना मले?" घरात दुसरं कोणी नव्हतं. सांगायले याच्याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी म्हटलं, "जाऊ दे वं. तुले मी कवाचंच माफ केलं." तिच्या तोंडावरचा ताण गेला, बाबा, अन् ती कितीतरी दिवसांनी शांत झोपली.