गंधमुक्तीची पीडीएफ

प्रति,
मा. जिल्हा सूचना-विज्ञान अधिकारी,
जिल्हाधिकारी कार्यालय, वर्धा.

अर्जदार : वासुदेवराव उमाटे, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, रा. पिपरी (मेघे).

विषय : ईमेलला जोडून आलेली पीडीएफ बिनधोक व विनासायास उघडता यावी याबाबत सूचना, तसेच अर्जदाराचा मुलगा मुकेश यास जहाजावर आईच्या आजाराचा निरोप पोहोचविणेबाबत.

संदर्भ : जहाज कंपनीचे फोनवरील उत्तर, "ईमेल करा."

महोदय,

अर्जदाराची उभी नोकरी टिपण्या लिहिण्यात गेल्याने त्यास कागदावर 'मी' लिहिता येत नाही, ते चालवून घ्यावे. अर्जदाराची पत्नी देवकाबाई सावंगी (मेघे) येथे दवाखान्यात भरती आहे. हृदयाचे पंपिंग फार उतरले असून, ज्यांना बोलवायचे त्यांना बोलवून घ्या, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. बोलवायचे म्हणजे एकच, मुलगा मुकेश. तो मालवाहू जहाजाच्या इंजिनवर कामाला आहे. घराण्यात कोणी धाम नदीहून मोठे पाणी पाहिले नव्हते, पण पोराला नेमके हेच सुचले. तिथे फोन लागत नाही. फक्त ईमेल जातो. देवकाबाई रोज विचारते, "अवो, मुकेशले कळवलं का? काय म्हणते तो?" अर्जदार रोज काहीतरी थाप मारतो.

हे कसे घडले ते क्रमाने सांगणे भाग आहे. देवकाबाई धडधाकट असताना, अर्जदाराचे आष्टीचे मामेभाऊ अण्णाजी यांच्या नावाने ईमेल आला. सोबत जोडलेले 'गंधमुक्ती पत्रिका.pdf'. गंधमुक्तीची, तेरवीची पत्रिका आपल्याकडे घरात ठेवत नाहीत, हे आपणांस सांगायला नकोच. दारातच वाचायची, फाडून टाकायची, हातपाय धुवायचे आणि मग आत यायचे. त्याप्रमाणे अर्जदाराने लॅपटॉप उचलून अंगणात नेला व उभ्यानेच पत्रिका उघडली. काळी चौकट, आत नुसते चौकोन आणि कोंबडीचे पाय. खाली मात्र स्वच्छ मराठीत एक ओळ : 'मराठी अक्षरे दिसत नसल्यास येथे दाबा.'

साहेब, ज्याने सरकारी मराठीचे फॉन्ट जन्मभर सोसले, त्याला यात वावगे काय वाटणार? अर्जदाराने दाबले. संगणकाने इंग्रजीत काही विचारले, त्यालाही नेहमीसारखे 'ओके' केले. अक्षरे काही उमटली नाहीत. गेले कोण, हे कळेना म्हणून अण्णाजींना फोन लावला. ते म्हणाले, "कोणी नाई गेलं बा. मेल त पोरीनं काढून देलता, मले उघडता बी येत नाई." अर्जदाराने रिवाजाप्रमाणे पत्रिका तिथल्या तिथे पुसली, कचरापेटीतूनही काढली आणि हात धुतले. पुरावा विचाराल तर तो असा धुऊन गेला.

दुसऱ्या दिवसापासून अर्जदाराच्या नावाने पत्रिका जाऊ लागल्या. त्याच्या ईमेलमध्ये साठवलेल्या नावांतून एकेक नाव काळ्या चौकटीत बसायचे आणि ती पत्रिका बाकी सर्वांना जायची. आता अक्षरे सुबक होती, शुद्धलेखनही चोख. पहिले नाव अण्णाजींचे. अर्जदाराचे साडू बंडूजी आर्वीहून टोपी घालून आष्टीला धावले, तर अण्णाजी ओट्यावर दाढी करीत बसलेले. सगळे पोट धरून हसले. दुसरे नाव बंडूजींचे आले, तेव्हा कोणी हसले नाही. तिसरे देवकाबाईचे. ती तेव्हा गहू निवडत होती. "मले जितेपणीच मारलं वो तुमी," असे म्हणाली आणि सूप बाजूला ठेवले. त्या रात्री ती जेवली नाही. थोड्याच दिवसांत तिला दम लागू लागला. अर्जदार अंधश्रद्धाळू नाही. तरी हे लिहून ठेवीत आहे.

पिपरीत संगणक दुरुस्तीचे दुकान चालविणारे रुपेश यांनी लॅपटॉप साफ करून दिला. त्यांचे म्हणणे, "काकाजी, ते पीडीएफ नाईच व्हय. पीडीएफचं सोंग घेतलेलं दुसरंच काही हाये." बंडूजींना पोहोचलेली पत्रिका त्यांनी तपासली, तर फायलीच्या नावात .pdf च्या पुढे भलीमोठी मोकळी जागा होती आणि तिच्या पार टोकाला खरे आडनाव, म्हणजे फायलीचा खरा प्रकार सांगणारी अक्षरे, दडलेले होते. ईमेलच्या प्रोग्रामने ते दाखविले नाही.

आता अडचण पाहा. डॉक्टरांचा दाखला पीडीएफ करून कंपनीला पाठवावा तर त्या पत्रिकांमुळे अर्जदाराचा जुना पत्ता त्यांनी धोक्याचा म्हणून बंद केलेला. रुपेशने नवा पत्ता काढून दिला, तर अनोळखी माणसाची जोडपत्रे तिथे उघडत नाहीत. ओळखीचा म्हणून बंद, अनोळखी म्हणूनही बंद! शिवाय अडवले असे कोणी कळवतही नाही. कंपनीस असो की थेट मुकेशला, पाठवलेले पत्र गेल्यासारखे दिसते आणि मधल्या मधे गडप होते. कंपनीत फोन केला की तीच बाई, तेच उत्तर : ईमेल करा.

सबब, संबंधितांकडे पुढील सूचना पोहोचवाव्यात :

१. आपण अनोळखी पाहुण्याला छपरीत खाटेवर बसवतो, पाणी देतो, कुठले म्हणून विचारतो. एकदम स्वयंपाकघरात नेत नाही. तसेच पीडीएफ आधी ईमेलच्या खिडकीतच, नुसत्या चित्रासारखी दाखवावी. वाचता यावी, पण तिला संगणकात काही चालविता किंवा कोणाला काही पाठविता येऊ नये. म्हणजे वाचणाऱ्यालाही दुसरा प्रोग्राम शोधत बसावे लागणार नाही.

२. फायलीचे आडनाव लपवू नये. सोंग असेल तर तसे तोंडावर सांगावे.

३. ऊठसूट 'खात्री आहे का' विचारू नये. विचारून विचारून माणसाचा हात 'ओके'वर आपोआप जातो. खरा धोका असेल तेव्हाच, एकदा, आणि मराठीत विचारावे.

४. जोडपत्र अडवले तर पाठविणाऱ्यास व घेणाऱ्यास, दोघांनाही कळवावे. मुकी पेटी फार वाईट. अर्जदार तिच्यापुढे रोज बसतो.

या सूचनांना वेळ लागेल, हे अर्जदार जाणतो. त्यानेही फायली तुंबविलेल्या आहेत. परंतु देवकाबाईजवळ तेवढा वेळ नाही. म्हणून विनंती की सोबतचा दाखला आपल्या शासकीय पत्त्यावरून कंपनीस पाठवावा. शासनाचे पत्र तरी उघडतील.

आपल्या दारी प्रथमच आलेला,
(वासुदेवराव उमाटे)
पिपरी (मेघे), दि. १८ एप्रिल २०२५

सोबत : डॉक्टरांचा दाखला, कागदी, शिक्क्यासह. ईमेलने काहीही पाठविलेले नाही.

ता. क. : हा अर्ज दवाखान्यात देवकाबाईच्या खाटेशी बसून पाकिटात घालीत असताना मोबाइलवर मुकेशचा ईमेल आला. तो जसाच्या तसा उतरवून देत आहे : "बाबा, इथं मेल गठ्ठ्यानं येतात. काल सगळ्या पत्रिका एकदम उघडल्या. तुमच्या नावानं होत्या म्हणून उघडल्या. आधी अण्णाजी काका, मग मावसाजी, मग आई. घरात काय होऊन राह्यलं बाबा? आईच्या गंधमुक्तीची तारीख उलटून गेलती, म्हणून सुटी मागतली नाई. आता येऊन कोणाले पाहू? इथंच केस काढले. यापुढे तुमचा मेल आला तरी मी उघडनार नाई. पुढचं नाव तुमचं राहीन."

अर्जदाराने लगेच उत्तर पाठविले आहे. ते अडले असेल, किंवा पोहोचूनही तो उघडणार नाही. तरी वरील विनंतीत बदल करण्यात येत आहे. दाखला मागून पाठवावा. आधी आपल्या पत्त्यावरून थेट मुकेशला एक कोरा ईमेल पाठवावा आणि विषयाच्या ओळीतच लिहावे : 'मुकेश, आई हयात आहे.' विषय वाचायला काही उघडावे लागत नाही.

मुकेशच्या मजकुराखाली त्याचा जहाजाच्या कठड्याशी उभा असलेला फोटो होता. देवकाबाईने मोबाइल हातातून घेतला व बराच वेळ पाहिला. "लेकरानं केस काऊन काढले?" असे तिने विचारले. तिकडे उन्हाळा फार आहे, असे अर्जदाराने तिला सांगितले आहे.