मागच्या वर्षीचा निकाल

बाबा, मागच्या महिन्यात मी एका माणसाचं नाक फोडलं. भर मैदानात, पंचाचा पांढरा शर्ट अंगात आणि शिट्टी गळ्यात असताना. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, सामना पूर्ण झाला का? झाला. ओठातून रक्त गळत होतं तरी उरलेला खेळ मीच पूर्ण केला आणि मग दवाखान्यात गेले. तेवढं तुमचं शिकवलेलं. बाकीचं माझं.

तुम्ही शाळेत पीटीचे मास्तर, आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीचे पंच. जळकोट म्हणा, हदगाव म्हणा, जिथं शाळेच्या स्पर्धा तिथं तुम्ही. आई म्हणायची, "लेकरायपेक्षा मैदानावरच्या फक्कीच्या रेषा लई प्यारी हायेत तुम्हाला." चढाईला गेलेलं पोरगं एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत राहतंय का, हे पंचानं कानानं धरायचं असतं. तुमचा कान इतका पक्का होता की पोरं तुम्हाला फसवायच्या फंदात पडत नव्हती. हदगावकडच्या एका गावात अंतिम सामन्याच्या शेवटच्या चढाईला त्याच गावच्या पोराचा दम तुटला, तुम्ही शिट्टी मारली आणि गाव हरलं. मग लोकांनी मैदानाच्या कडेचे बांबू उपटले. "आता ह्यायनी आमच्या पोरायला बाद करायचं का?" असं कुणीतरी ओरडलं म्हणे. त्यांच्याकडे जमिनी आणि आपल्या वस्तीत निळा झेंडा, तेव्हा 'ह्यायनी' म्हणजे कुणी ते आपल्या घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

ती संध्याकाळ मला आत्ता दिसते. तुम्ही चुलीपुढं बसलाय, शर्टाला एकच बाही उरलीय, आणि डाव्या कानातून रक्त येऊन राहिलंय. आई परातीत भाकरीचं पीठ मळते आहे. तुम्ही तिला काहीतरी सांगायला वाकता आणि दोन थेंब परातीत पडतात. आई तो गोळा उचलते, उंबऱ्याबाहेर भिरकावते आणि तशाच पिठाच्या हातानं पदरात तोंड घालून रडते. तुम्ही म्हणता, "जराशी ढकलाढकली झाली." त्या कानानं तुम्हाला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. पुढं तुम्ही खेळाडूंकडे उजवी बाजू करून उभे राहायला लागलात, आणि लोकांना वाटायचं मास्तर ऐटीत उभे राहतात.

पुढच्या वर्षी त्याच गावानं तुम्हाला बोलावलं. शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो, झालं गेलं विसरून जाऊ, असा निरोप आला. मी दहावीत होते. मी म्हणाले, "जाऊ नका. थुंका त्या शालीवर." तुम्ही म्हणालात, "बोलावलंय तर जावं लागतं, बाई." आणि गेलात. परत आलात ते खांद्यावर शाल आणि हात गळ्यात बांधलेला. "गाडी घसरली," म्हणालात. मला वाटलं, बरं झालं. खरंच तसं वाटलं. माझा बाप मार खातो आणि वर मारणाऱ्यांच्या हातून शाल घेतो, ही गोष्ट माझ्या घशात अडकली ती अडकलीच. तुम्ही कायमचे गेलात तेव्हा मी रडले, पण राग काही गेला नाही. पंचाची परीक्षा मी दिली ती तुमच्या प्रेमापोटी असं सगळे म्हणतात. काय सांगावं त्यांना? मी त्या रागानं शिट्टी धरली. निम्मं आयुष्य ती फुंकण्यात गेलं, केस पांढरे झाले, गुडघे गेले, पण ती सोडवत नाही.

मागच्या महिन्यात विष्णुपुरीच्या बाजूला मुलींचा सामना होता. एक मुलगी मध्यरेषेपर्यंत पोचायच्या आत पकडली गेली, मी तिला बाद दिलं. तिचा चुलता प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आत घुसला. पहिला फटका पाठीत बसला, दुसरा तोंडावर. माझाच दात माझ्या ओठात रुतला. मग त्यानं माझे केस मुठीत धरले आणि फक्कीवरून मला फरफटत नेलं, आणि तोंडानं जे बोलला ते तुम्हाला सांगत नाही; तुम्ही ते ऐकलेलंच आहे. मी उठले आणि मूठ आवळून त्याच्या तोंडावर घातली. हाड कडकन वाजलं. तो खाली बसला, तेव्हा कुठं लोक मधे पडले.

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडची माणसं मी शिकवते त्या शाळेत आली. सोबत आमचे एक जुने पंच. "मॅडम, मिटवून घ्या," ते म्हणाले. "तुम्ही पोलिसात गेला तर तुमचं बी निघन. पंचानं हात उचलला म्हणल्यावर शिट्टी जाईल तुमची कायमची." टेबलावर शाल आणि नारळ. बाबा, शिट्टी जाणार म्हणल्यावर शाल घ्यायला मी हात पुढं केलासुद्धा असता. तेवढ्यात त्यांच्यातला एक म्हातारा, त्या चुलत्याचा बाप, माझं आडनाव विचारून म्हणाला, "म्हंजी तुमी त्या मास्तरच्या?" हदगावकडच्या त्याच गावचा निघाला तो. मग आपणहून सांगायला लागला. "आमी शाल घातली त्यायला. त्यायनी माईक घेतला अन् म्हणले, शालीबद्दल आभारी हाय. मागच्या वर्षीचा निकाल तोच हाय. पोराचा दम तुटला होता. मग आमी धरलं की त्यायला पुन्हा. खांद्याचं हाड म्याच मोडलं. लई आडमुठा माणूस."

गाडी घसरली म्हणे. एकदा तरी सांगायचं होतं ना मला! तुमच्यावर इतकी वर्षं दात-ओठ खात बसले ती मी, आणि तुम्ही गुमान शाल घडी करून पेटीत ठेवली. मला तुमचा इतका राग आला आणि इतकं भरून आलं की सुजलेला ओठ पुन्हा उलला.

मी शाल घेतली नाही. बैठक उठल्यावर तशीच ठाण्यात गेले, त्यानं काय केलं ते सांगितलं आणि मी काय केलं तेही सांगितलं. त्याला अटक झाली, आणि मला पंचांच्या मंडळानं बोलावलं. अध्यक्ष चांगला माणूस. म्हणाला, "मॅडम, हात उचलल्याचा पश्चात्ताप हाय एवढं म्हणा, एका वर्षावर भागवतो. नाहीतर नाव कायमचं काढावं लागतंय." मी म्हणाले, "हाय." एक वर्ष मिळालं.

हे पत्र कुठं टाकणार, म्हणून खरं लिहिते. मी खोटं बोलले. त्या नाकाचा मला काडीचा पश्चात्ताप नाही. त्या दिवशी शाळेतली बैठक उठली तेव्हा तुमचा खांदा मोडणाऱ्या त्या म्हाताऱ्याला शाळेच्या पायऱ्या उतरता येईनात, आणि मी हात धरून त्याला खाली नेऊन सोडलं. पश्चात्ताप आहे तो त्याचा हात धरल्याचा.