जास्तीची सावली

डिचोली,
दि. १९ जानेवारी २०२५

॥ श्री ॥

ती. आत्येस,
दीपाचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. फोनवर बोलायचा नाद मात्र आता सोडते. परवा मी तुला पॅनल म्हणून सांगत होते, तू फणस ऐकलंस, आणि आता साऱ्या वाड्यावर झालंय की भागीरथीची भाची डिचोलीच्या कॉलेजात गच्चीवर फणस लावायला शिकते. शेजारच्या सुविधाताईने मला मेसेज करून विचारलंसुद्धा, बरका की कापा. तेव्हा यापुढे तुझ्या कानांना विश्रांती आणि माझ्या पेनाला काम.

आमच्या सौरऊर्जेच्या कोर्सात सध्या पुस्तकं कमी आणि गच्ची जास्त. डोक्यावर हेल्मेट, अंगाला पट्टे, पट्ट्याचा दोर कठड्याला. तारा जोडायच्या, मीटर लावून बघायचं, चुकलं की सगळं सोडवून पुन्हा. पॅनल पुसायची पाळी आली की मी उगाच वेळ लावते. त्या काळ्यानिळ्या काचेत आकाश उतरलेलं असतं, ढग तळातून सावकाश जातात, आणि आपण फडका घेऊन आकाशच पुसतोय असं वाटायला लागतं. मग गोकुळदास सर खालून विचारतात, दीपा झोपली की काय. झोपलेली नसते, पण धड जागीही नसते. हा गुण तुझ्याकडून आलाय, असं बाबा म्हणतात.

आता तुझं काम. सरांनी प्रत्येकाला एका घराचा सावलीचा नकाशा करायला सांगितलाय. आमच्या धंद्यात सावली म्हणजे वैरीण. एका पॅनलवर सावली पडली तरी त्याच्याशी जोडलेली सगळी रांग मंदावते. मी आपलंच घर दिलंय, पण इथे रविवारीसुद्धा सराव असतो, घरी येणं जमत नाही. म्हणून बघायचं काम तुझं. महिन्यातून एक दिवस, सकाळी, भर दुपारी आणि दुपार कलल्यावर, भिंतीवर, छपरावर, घरापुढच्या खळ्यात जी सावली पडेल ती आखायची आणि सोबतच्या चौकटींच्या कागदावर उतरवायची. असं मार्चपर्यंत. काहीही वगळायचं नाही. तुला कागदावर पसारा आवडत नाही हे मला माहीत आहे, तरी उगाच झाडलोट करू नकोस.

आणि एक. एप्रिलमध्ये कच्छच्या एका मोठ्या सौर प्रकल्पाची माणसं निवडीसाठी कॉलेजात येणार आहेत. तिथे नजर जाईल तिथवर पॅनल, झाड म्हणून नाही. मला जायचंय ग आत्या. फार जायचंय. पण बाबा वर्षाचे नऊ महिने समुद्रात, तारवावर, आई गेल्यापासून घरात आपण दोघीच. मी गेले की तू एकटी. हे मनात आलं की पुढचं काही सुचत नाही. तुला काय वाटतं ते मोकळेपणी लिही.

लोभ आहेच, पत्रातून थोडा जास्त पाठव.

तुझी,
दीपा


कोरगाव,
दि. २० फेब्रुवारी २०२५

॥ श्री ॥

चि. दीपास,
आत्येचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. माझे कान गेले असतील, डोळे शाबूत आहेत, तेव्हा अक्षर जरा नीट काढ. सुविधाला मी सांगून टाकलं की बरका. कापा सांगितलं असतं तर मागायला आली असती.

तुझं काम चालू आहे. आधी वाटलं, सावली काय बघायची. पण एकदा बघायला बसलं की उठवत नाही. सकाळी परसातल्या फणसाची सावली छपरावर पसरून असते, उतरायचं नावच घेत नाही. भर दुपारी सगळ्या आपापल्या झाडाखाली जाऊन निजतात. दुपार कलली की रस्त्याकडच्या माडांच्या सावल्या खळ्यात येतात, एकीमागून एक, जेवणाचं आमंत्रण असल्यासारख्या, आणि ओसरीच्या पायरीशी थांबतात. मी कदेल टाकून, पाठ टेकून बसते. मधेच डोळा लागतो. जाग येते तेव्हा सावली हातभर सरकलेली असते, आणि वाटतं आपण बसल्या जागेवरून कुठे तरी जाऊन आलो.

रांगोळीने आखते. वाड्यावरचा सगुण काजूच्या बागेतून येताना थांबला आणि एवढी रांगोळी कुणाच्या लग्नाची म्हणून विचारू लागला. मी म्हटलं, सावल्यांच्या. तेव्हापासून तो आपल्या घराला वळसा घालून जातो. तुझा बाप फोनवर हे ऐकून खूप हसला म्हणे, मला काही ऐकू आलं नाही.

कच्छचं म्हणतेस, तर त्यावर मी बरेच दिवस विचार केला. विचार कमी आणि स्वप्नंच जास्त. झाड नाही, तर पाखरं बसतात कुठे? माती कसल्या रंगाची? रेल्वे कुठून कुठून जाते, वाटेत नद्या कोणत्या लागतात, सकाळी उजाडतं ते कुठून उजाडतं? हे सगळं विचारून मला लिही. जायचं की नाही ते तू ठरव. माझ्यासाठी अडू नकोस, मला माझं करता येतं.

जेवत जा. गच्चीवर दोर लावल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. माया आहे ती आहेच, लिहून ती वाढत नाही.

तुझी,
आत्या


डिचोली,
दि. २४ मार्च २०२५

॥ श्री ॥

ती. आत्येस,
दीपाचा शि. सा. न. वि. वि.

तुझे तिन्ही नकाशे सरांना दिले. त्यांनी वर्गात वर धरून दाखवले आणि म्हणाले, ह्या बाईंना पुढच्या वर्षी कोर्साला पाठवा. मला केवढा अभिमान वाटला.

पण एक सावली त्यांना कळेना. फणस, माड, तुळस, विजेचा खांब, सगळ्यांच्या सावल्या जुळल्या. दुपार कलतानाच्या चित्रात मात्र खळ्याच्या रस्त्याकडच्या टोकाला एक बारीक, लांब सावली होती, जास्तीची. तिन्ही कागदांवर, त्याच जागी. तिथे खांब आहे का, सरांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्यांनी कागद तिरपा धरून पाहिला आणि म्हणाले की हे माणूस दिसतंय. वर्ग हसला, मीसुद्धा हसले. मग गच्चीवर गेले आणि टाकीमागे बसून रडले.

ती तू आहेस. ती म्हापशाहून येणाऱ्या बसची वेळ. मी शनिवारी ज्या बसने घरी यायचे, तीच बस. मी इतके महिने आले नाही आणि तू तिथे येऊन उभी राहतेस. आणि काही वगळू नकोस असं मी लिहिलं म्हणून स्वतःची सावलीसुद्धा आखून पाठवतेस. इतकी कशी ग तू.

मी ठरवलंय. कच्छला जात नाही. मुलाखतीलाच बसणार नाही. माझ्या खोलीतली स्नेहा, ती दोडामार्गची, ती जाईल. म्हापशाला एका दुकानात छपरांवर पॅनल बसवायचं काम मिळतंय. रोज संध्याकाळी घरी येईन, तुझ्या हातचं जेवेन. सर म्हणाले नीट विचार कर. मी म्हटलं, केलाय.

कच्छबद्दल तू जे जे विचारलं होतंस ते आता लिहीत नाही. काय उपयोग? माती पांढरी असते म्हणतात, एवढंच.

लोभ तर आहेच, मीच त्याला पुरी पडत नाही.

तुझी,
दीपा


कोरगाव,
दि. २ एप्रिल २०२५

॥ श्री ॥

चि. दीपास,
आत्येचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा रागच आला. म्हणून दोन दिवस लिहिलं नाही. आता राग गेलाय असं समजू नकोस, अक्षर वळण्याइतका कमी झालाय.

तुझे सर हुशार. सावली माणसाची आहे हे त्यांनी ओळखलं. माणूस मात्र तू चुकीचं वाचलंस.

मी तुझी वाट बघत नव्हते. हे वाचून तुला वाईट वाटेल, तर वाटू दे. तू जन्मायच्या आधीपासून मी त्या वेळी तिथे उभी राहते. तू त्या बसने येतेस हे खरं, आणि तू उतरलीस की मला आनंद होतो हेही खरं. पण तीच बस देवळाशी वळून पुन्हा म्हापशाला जाते ना? मी येणारी बस बघायला उभी राहत नाही ग. जाणारी बघते.

ती आपल्या घरासमोरून गेली की मी तिच्यात असते. जनेलाकडे बसून बाहेर बघणारी, मांडीवर पिशवी. म्हापसा, मग पणजी, मग तुझ्या बापाने तारवावरून आणलेल्या कॅलेंडरातली गावं, एकेका दिवशी एकेक. एकदा तर मी बर्फात जाऊन आले, घरात आल्यावर पाय गार होते. मग दूध तापवायची वेळ होते. ह्यात दुःखाचं काही नाही, मला त्यात फार बरं वाटतं. कुणी मला अडवून ठेवलं नव्हतं. कुणी चल म्हटलं नाही, एवढंच, आणि स्वतःहून निघावं हे मलाही कधी सुचलं नाही.

तुला सांगायचं नव्हतं. पण काही वगळू नकोस म्हणालीस, तेव्हा आखलं. स्वतःची सावली आखणं किती कठीण असतं ते तुझ्या सरांना विचार. वाकलं की ती बदलते. मी उभ्या उभ्या सावलीचं डोकं पडलं तिथे करवंटी फेकली आणि मग रेघ ओढली.

तेव्हा माझं नाव पुढे करून म्हापशाच्या दुकानात जाऊ नकोस. तुला ते काम आवडत असेल तर खुशाल कर, त्यात कमीपणा नाही. पण तुला कच्छला जायचंय. तूच लिहिलं होतंस की एका पॅनलवर सावली पडली तर सगळी रांग मंदावते. मी तुझ्यावर तसली सावली होणार नाही. मला ते सहन होणार नाही, दीपा. मुलाखतीला जा.

आणि मातीचा रंग तेवढा लिहिलास. पाखरांचं काय?

रागावले तरी आशीर्वादात हात आखडता घेतलेला नाही.

तुझी,
आत्या


डिचोली,
दि. २८ एप्रिल २०२५

॥ श्री ॥

ती. आत्येस,
दीपाचा शि. सा. न. वि. वि.

माझी निवड झाली. स्नेहाचीही झाली.

मुलाखतीत तारांचं विचारलं, इन्व्हर्टरचं विचारलं, उन्हात काम झेपेल का विचारलं. शेवटी म्हणाले, तुम्हाला काही विचारायचंय का. बाकीच्यांनी पगार आणि सुट्ट्या विचारल्या. मी विचारलं, झाड नाही तर पाखरं बसतात कुठे. टेबलापलीकडच्या तिघांनी पेनं खाली ठेवली. मग त्यांतले वयस्कर होते ते हसले आणि खुर्ची पुढे ओढून सांगू लागले. पावसानंतर तिथल्या खाऱ्या जमिनीवर पाणी साठतं, आणि मग अग्निपंख येतात, हजारोंनी, गुलाबी. ते बसत नाहीत, पाण्यात उभेच राहतात. उजाडतं ते जमिनीतून उजाडल्यासारखं, कारण मधे काहीच नसतं. रेल्वे वसई, सुरत, बडोदा अशी जाते. वाटेत तापी लागते, नर्मदा लागते, आणखी कितीतरी. नावं मी कागदावर उतरून घेतली आहेत, पण ती तुला इथे देत नाही.

कारण आत्या, चल.

पहिले सहा महिने तिथेही प्रशिक्षणच आहे. गावात मी आणि स्नेहा खोली घेणार आहोत, तीन खाटांची. तू जेवण करशील म्हणून बोलावत नाहीये, डबा मिळतो तिथे. तू माझी आई आहेस, एरवी म्हणत नाही, पण आहेस. आणि मी तुला इतक्या वर्षांत कधी चल म्हटलं नाही, बाबांनीही नाही, ह्याची मला फार लाज वाटली. म्हणून आता म्हणते. नको वाटलं तर नको म्हण, मी रुसणार नाही. मे संपायच्या आत निघायचंय.

आणखी एक गंमत. सर सांगत होते, येत्या शनिवारी आपल्याकडे भर दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो. खळ्यात उभी राहून बघ, तुझी सावली दिसणार नाही.

लोभ असाच असू दे, आणि ह्या खेपेला तोही सामानात घे.

तुझी,
दीपा


म्हापशाची बस,
दि. १९ मे २०२५

॥ श्री ॥

चि. दीपास,
आत्येचे अ. उ. आ.

अक्षर हलतंय, कारण रस्ता तसा आहे. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, डिचोलीला येऊन तुझ्या हातात देईन. समोर आल्यावर मला बोलता येणार नाही आणि तू बोललेलं ऐकू येणार नाही, म्हणून आधीच लिहून ठेवते.

नको म्हणायला मी पुष्कळ कारणं जमवली होती. तुळशीला पाणी कोण घालणार, पावसाआधी कौलं कोण चाळणार, बिब्बे आणि काजूबिया वाळत घातल्या आहेत त्यांचं काय. सुविधाने एकेक करून सगळी कारणं स्वतःच्या अंगावर घेतली, आणि वर फणस मागितले. तुझ्या बापाने तारवावरून फोन केला. पहिल्यांदाच मला त्याचं सगळं ऐकू आलं, कारण तो जा हा एकच शब्द पुन्हा पुन्हा बोलत होता.

तू लिहिलेल्या त्या शनिवारी मी खळ्यात उभी राहिले होते. सावली हळूहळू पायाखाली गेली आणि दिसेनाशी झाली. मला भीती वाटेल असं वाटलं होतं. पण हलकं वाटलं, देवाला फुलं वाहून ताट रिकामं झाल्यासारखं. मी तशीच उभी राहिले, आणि ती पुन्हा दिसू लागली तेव्हा माझं ठरलेलं होतं.

आज दुपार कलल्यावर पिशवी घेऊन निघाले. आपल्या घरासमोर बस थांबते, पण मी मुद्दाम देवळापर्यंत चालत गेले आणि तिथून चढले. जनेलाकडची जागा मिळाली. कंडक्टरने खंय म्हणून विचारलं. मी कच्छ म्हटलं. अख्खी बस हसली, मीही हसले, आणि त्याने म्हापशापर्यंतचे पैसे घेतले.

मग बस आपल्या घरासमोरून गेली. मी जनेलातून पाहिलं. माडांच्या सावल्या खळ्यात आल्या होत्या. टोकाला कुणी उभं नव्हतं. तरी मी हात केला.

बाकी सगळं भेटीत, आणि लोभाचं आता लिहायला नको, तो घेऊनच येते आहे.

तुझी,
आत्या