खाकी गेल्याचा फोन

३ मार्च, सोमवार

वेळ दिली साडेआठची, आत घेतलं पावणेअकराला! सव्वादोन तास त्या लाकडी बाकावर. खाकी कालपासून उपाशी, सकाळपासून पाणीही नाही — दवाखान्यातूनच तसं सांगितलं होतं. बिचारा फरशी चाटत होता.

काउंटरवर ती बॉबकटवाली बाई. खांद्यात फोन, हातात पेन, तोंडात बिस्किट. म्हटलं, अहो, अजून किती वेळ? "बसा. नाव पुकारतील." कुणाचं, माझं की कुत्र्याचं? हसलीसुद्धा नाही. कोपऱ्यावरचा चष्मेवाला पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन शेजारी बसला होता. म्हणाला, "वहिनी, इथलं घड्याळ नुसतं शोभेला आहे."

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. गाठ आहे, काढावी लागेल, वय बारा म्हणजे धोका आहेच. "आज ठेवून जा, उद्या सकाळी करतो." तीन वाक्यांत आटोपलं. सही कुठे करायची तेही बोटानंच दाखवलं. आत नेताना खाकीनं मागे वळून पाहिलं. मी हात केला. कुत्र्याला हात करणारी मी!

घरी आले तर हे दारातच. "एकटाच सोडून आलीस?" मग काय, पिंजऱ्यात शेजारी अंथरूण घालू?

मुलगा परगावी नोकरीला गेला तेव्हा "आई, सहाच महिने सांभाळ" म्हणून गळ्यात मारलेलं हे कुत्रं. नऊ वर्षं झाली. यांचे गुडघे धरलेले, म्हणून पहाटेची फेरी माझी, संध्याकाळची माझी, आंघोळ माझी, सोफ्यावरचे केस वेचणं माझं. लाड तेवढे यांचे.

४ मार्च, मंगळवार

अकराला फोन. खाकी गेला. भुलीतून उठलाच नाही म्हणे. चार वाजता येऊन घेऊन जा म्हणाली बॉबकट.

लिहवत नाही.

४ मार्च, संध्याकाळी सात

आता लिहिलंच पाहिजे.

चारला गेलो. हे हट्टानं आले बरोबर. काठी टेकत दवाखान्याच्या चार पायऱ्या चढले, मध्ये दोनदा थांबले. मागच्या खोलीत टेबलावर पांढऱ्या चादरीत गुंडाळून ठेवलेलं. बॉबकट म्हणाली, "बघू नका, त्रास होईल." मी मागे सरले. हे म्हणाले, "मला बघायचंय."

चादर सरकवली. तोच रंग, नाकाभोवती तसेच पांढरे केस. हे डोक्यावरून हात फिरवायला लागले. कपाळ, मान, मग डावा कान — आणि हात तिथेच थांबला.

"याचा कान धड आहे."

खाकीच्या डाव्या कानाचा तुकडा लहानपणीच भांडणात गेलेला. मी वाकून पाहिलं. धड! दोन्ही धड!

"हा आमचा नाही," हे म्हणाले. इतक्या शांतपणे, जसं काही दुकानदारानं दुसऱ्याची पिशवी पुढे केली होती.

"असं कसं? कार्ड तर..." बॉबकट आत पळाली. मागोमाग मी. तीन नंबरच्या पिंजऱ्यात पोटाला पट्टी, पायाला सलाईन, आणि शेपूट पत्र्यावर आपटतंय — धप धप धप. माझा खाकी! हे आले आणि सरळ फरशीवर बसले. त्या गुडघ्यांनी! आता उठवायचं कसं याचाही विचार नाही. पिंजऱ्याच्या गजांतून बोटं घालून बसून राहिले.

झालं होतं ते असं. सकाळी पिंजरे धुताना बाहेर लावलेली कार्डं काढली आणि परत लावताना अदलाबदल केली. दोन्ही कुत्री एकाच रंगाची, दोघांची ऑपरेशनं एकापाठोपाठ. बॉबकटनं कार्ड वाचून फोन केले. कुत्र्याकडे बघायची गरज कुणाला वाटली नाही!

डॉक्टर म्हणाले, "चूक झाली." बस. दोन शब्द. शर्टाचं बटण भलत्या काजात गेलं तर त्याला चूक म्हणतात!

आणि पुढचं तर सांगवत नाही. आम्ही तिथे रडतोय, हसतोय, तेवढ्यात दार ढकलून एक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, पण खांदे रुंद, ताठ. पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायच्या त्या — मुलगा त्यांच्याकडेच पोहायला शिकला. हातात घडी घातलेली शाल. बॉबकटला म्हणाल्या, "न्यायला नाही आले हो, उद्या नेते. नुसतं बदामला बघून जाते. सकाळी तुमचा फोन आला, सगळं छान झालं म्हणून, तेव्हापासून घरात बसवेना."

बॉबकटनं मान खाली घातली. माझा हात खाकीच्या पिंजऱ्यात. त्या माझ्याकडे बघून हसल्या. "तुमचाही बरा आहे ना?"

मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

डॉक्टर त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेले. वाटलं, आता किंकाळी ऐकू येईल. काही नाही. दहा मिनिटं नुसतं नळाचं पाणी ठिबकत होतं.

या लोकांना सोडणार नाही.

५ मार्च, बुधवार

सकाळपासून डोकं भणभणतंय. पाच तास! अकरा ते चार. पाच तास या घरात सुतक होतं. मुलगा फोनवर हुंदके देऊन रडला — चाळिशीला आलेला माणूस, ऑफिसच्या जिन्यात बसून. एका कार्डापायी!

हे गप्प. चहा पुढे ठेवला तर "हं". पेपर उलटा धरला असता तरी कळलं नसतं. धक्का बसलाय.

६ मार्च, गुरुवार

खाकी घरी. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं. प्रत्येक दाराला आपटतो आणि दाराकडेच रागानं बघतो. हसू येतं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, त्यांना सोडू नकोस." सोडते की काय!

७ मार्च, शुक्रवार

पस्तीस वर्षं कचेरीत दुसऱ्यांच्या तक्रारी टाईप केल्या. आज पहिल्यांदा स्वतःची. बोटं कशी पळत होती! पहिलं पान — घटनाक्रम, वेळेसकट. दुसरं — निष्काळजीपणा. तिसरं — "आम्हाला झालेला मानसिक त्रास". पशुवैद्यकांच्या मंडळाला पाठवायचं. खाली विनंती: दवाखान्याचा परवाना रद्द व्हावा.

यांना वाचून दाखवलं. खिडकीबाहेर बघत ऐकलं. "कसं झालंय?" "टायपिंगच्या चुका नाहीत," म्हणाले. एवढंच!

९ मार्च, रविवार

एकटीची तक्रार कोण विचारतो? म्हणून आज इतरांचे अनुभव गोळा केले.

चष्मेवाला: पोपटाची नखं कापताना रक्त काढलं. पोपट तेव्हापासून "डॉक्टर" म्हटलं की शिवी देतो. (शिवी कुणी शिकवली ते विचारलं नाही.)

व्यायामशाळेतले सर: मांजराच्या उजव्या पायाला गळू, यांनी केस काढले डाव्या पायावरचे! मग उजव्याही. मांजर महिनाभर पलंगाखाली. सर छाती पिटून सांगत होते, "तिची इज्जत गेली हो!"

बेकरीवाला: त्यानं मात्र घोळ घातला. म्हणे, भट्टीची राख अंगावर पडून मांजर भाजली तेव्हा हाच डॉक्टर जेवणाचं ताट सोडून आला, तीन दिवस दोन्ही वेळ येऊन मलम लावून गेला. "माणूस वाईट नाही, ताई. एकटा पडतो." म्हटलं, मी वाईट माणसांची यादी करत नाहीये, चुकांची करतेय! त्याची सही घेतली नाही. त्याचा अनुभव अर्जात घालायचा नाही.

सह्या सात.

१० मार्च, सोमवार

पहाटे उठून पट्टा घ्यायला गेले तर खुंटीवर पट्टा नाही. हे स्वतः खाकीला घेऊन बाहेर! एका हातात काठी, एका हातात पट्टा, पुढे नरसाळं. फाटकापर्यंत जाऊन आले, घामाघूम. म्हटलं, पडला असतात म्हणजे? "यापुढे मी नेत जाईन." अहो पण गुडघे? "माझे गुडघे मी बघतो."

इतका जीव धास्तावलाय यांचा. हेही तिसऱ्या पानावर घातलं.

१२ मार्च, बुधवार

पोहणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांच्या सहीशिवाय अर्ज लंगडा. खरा घात तर त्यांचा झालाय.

दोन खोल्या, लख्ख. भिंतीवर मुलांचे फोटो — तलावाच्या काठावर कुडकुडणारे, रांगेनं. त्यांनी कॉफी केली. मी तिन्ही पानं वाचली. शेवटपर्यंत ऐकलं.

"नाही करणार मी सही."

का? अहो, तुम्हाला खोटं सांगितलं! तुमचा कुत्रा सकाळीच...

"ते मला कळलं हो." कप खाली ठेवला. "मला सकाळी अकराला फोन आला. मी त्याची गादी उन्हात टाकली. त्याची शाल धुतली, वाळवली. खाली भाजीवालीला सांगितलं, वरच्या मजल्यावर सांगितलं. गाणं म्हटलं मी कामं करताना — मला गाता येत नाही. चार वाजून गेले तोवर तो माझ्यासाठी बरा होता. खरा फोन आला असता तर एवढंही मिळालं नसतं."

मी म्हटलं, पण हे अन्यायाचं आहे.

"आहेच. तुम्ही लिहा. लिहायलाच पाहिजे, पुन्हा कुणाला होऊ नये. पण माझे पाच तास त्यात घालू नका. ते मला हवेत."

जिना उतरताना इतका राग आला! कुणाचा ते कळेना. असल्या भल्या माणसांमुळेच हे डॉक्टर शेफारतात.

१५ मार्च, शनिवार

डॉक्टर आले होते. घरी! दारात चपला काढून उभे, हातात खाकीचं औषध. टाके बघितले. खाकी लबाड, त्यांचा हात चाटतो!

म्हणाले, आता प्रत्येक जनावराच्या गळ्यात नाव बांधतो, आणि फोन मी स्वतःच करतो. बॉबकट दोन दिवस नुसती रडली, नोकरी सोडते म्हणाली. "मी थांबवलं. कार्डं मीच लावली होती. तिनं नुसती वाचली."

हे मला माहीत नव्हतं. तरी म्हटलं, आता सांगून काय उपयोग?

आणि हे! बारा दिवस माझ्याशी धड शब्द नाही, त्यांच्याशी मात्र गप्पा. खुर्ची दिली. म्हणाले, "माणसाच्या हातून होतं, डॉक्टर. तुम्ही निदान येऊन सांगितलंत. लोक सांगतसुद्धा नाहीत."

डॉक्टर गेल्यावर मी कडाडले. आपला कोण आणि परका कोण ते कळतं का तुम्हाला? हे उठले, खाकीच्या पाण्याचं भांडं भरलं, बाहेर जाऊन बसले.

१७ मार्च, सोमवार

दुसऱ्या पानावर दुरुस्ती केली. "कर्मचारी" खोडून "डॉक्टर". खरं ते खरं. परवाना रद्द करायची विनंती तशीच ठेवली.

१८ मार्च, मंगळवार

नरसाळं निघालं. हे अजून पहाटे जातात. आज फाटकाच्याही पुढे, वळणापर्यंत. मी खिडकीतून बघत होते. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

२० मार्च, गुरुवार

अर्ज आज टाकायचाच म्हणून यांच्यापुढे ठेवला. तिसऱ्या पानाखाली यांची सही हवी होती. तिथलं वाक्य: "सदर फोनच्या धक्क्यामुळे माझे यजमान त्या दिवसापासून घरात बोलेनासे झाले आहेत."

यांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. पेनचं टोपण परत लावलं.

"फोनमुळे नाही," म्हणाले. "तू फोन ठेवलास आणि म्हणालीस, 'सुटले'. मी दारात उभा होतो."

मला वाटत होतं, मी मनात म्हणाले होते.