गादीखालच्या तुराट्या

सिस्टर, आधी तक्रार. सुभाषितांच्या स्पर्धेत तुम्ही मला त्या बालसंताचं जे रंगीत चित्र बक्षीस दिलंत, त्यातला त्याचा भांग मला अजूनही खटकतो. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि केस असे चापून बसवलेले की माशीही घसरून पडावी. चित्र घरी आलं आणि वाशीमच्या उन्हाळ्यात माझ्या आईने माझ्या डोक्यावर रोज वाटीभर खोबरेल जिरवायला सुरुवात केली. 'पाह्य, तो पोरगा कसा दिसते!' हे वर. तुम्हाला जाऊन आता वीसेक वर्षं झाली, त्यामुळे उत्तराची घाई नाही. पण तक्रार नोंदवून घ्यावी.

शनिवारी प्रार्थनेनंतर तुम्ही त्याची गोष्ट सांगायचात. दूर इटलीतला लोहाराचा मुलगा, पंधरा पूर्ण व्हायच्या आत गेलेला. वर्गातल्या टारगट पोरांनी शेगडीत बर्फ कोंबला आणि नाव याचं घेतलं. गुरुजी वाट्टेल तसं बोलले, हा गप्प राहिला. आम्हाला गप्प राहण्यापेक्षा बर्फाचं अप्रूप. बाकावरचा माझा शेजारी, रिसोडचा, उभा राहून म्हणाला, "सिस्टर, येवढा बर्फ होता तं गोळा काहून नाई खाल्ला त्यायनं?" तुम्ही हसू लपवायला फळ्याकडे वळलात. मला मात्र तेव्हाही रागच आला होता. आमच्या जुन्या ग्रंथांतली पोरं पाहा: एक जण मृत्यूच्याच दारात बसून मृत्यूला प्रश्न विचारून भंडावतो, दुसरा भर दरबारात बापाला उलट उत्तर देतो. आणि तुमचा हा? 'मी नाही केलं' एवढंही तोंडातून काढत नाही. लहान मुलाच्या मुकाटपणाला पुण्य म्हणायची कल्पना कोणाची, सिस्टर? मोठ्यांचीच असणार. सोय त्यांचीच होते.

राग होता, तरी संत व्हायचा मोह सुटला नाही. मी माझा डबा वाटून टाकू लागलो आणि एका दुपारी खेळाच्या तासाला भोवळ येऊन बसलो. तुम्ही मला कान धरून तुमच्या स्वयंपाकघरात नेलंत. केरळातून आलेल्या तुम्ही आमची बोली शिकलात ती तुमच्या स्वयंपाकीणबाईंकडून, त्यामुळे रागावताना अस्सल वऱ्हाडी व्हायचात. "कोनं सांगतलं तुले उपाशी राहाले? मी सांगतलं? तो पोरगा बी असाच येडेपना करे. अंथरुणात खडे, लाकडाच्या ढलप्या ठेवून झोपे. मंग त्याच्या गुरूले समजलं, त्यानं समदं बंद केलं. जेव म्हने, खेळ म्हने, अभ्यास कर, हसत राय. झालं!" ताटात गरम भाकर आणि तुमच्या गावाकडचं आंब्याचं तिखटजाळ लोणचं होतं. डोळ्यांतून पाणी आलं ते लोणच्याने, असं मी आजवर मानत आलोय.

आता खरं भांडण ऐका. माझी मुलगी ज्या शाळेत जाते, तिथल्या भिंतीवर तुमचा तो पोरगा रंगवलाय. भांग तोच. शेगडीपाशी गप्प उभा आहे, अंथरुणात ढलप्या घालतो आहे, आणि पुढच्या चित्रात थेट स्वर्गात. मधला गुरू कुठे गेला? 'बंद कर, जेव' म्हणणारा माणूस रंगवायला भिंत कमी पडली? अर्धी गोष्ट सांगायची आणि मुलांच्या चांगुलपणाचं कौतुक करायचं, हा कुठला न्याय?

मी इतका का तापलोय, तर रविवारी गाद्या उन्हात टाकायला काढल्या. मुलीच्या गादीवरची चादर ओढली तर खाली तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या, ओळीने मांडलेल्या. आसेगावला माझ्या भावाच्या शेतावरून आणल्या असणार. मी म्हटलं, "बाईसाहेब, हे काय? चुलीची सोय?"

"राहू द्या बाबा, माह्या आहेत."

"टोचत नाहीत?"

"टोचतात नं. म्हनूनच तं." मग खाली बघत, "आईले कमी टोचावं म्हनून."

तिच्या आईला अकोल्याला नेतो आम्ही. गाठ निघाली, आता केमो चालू आहे. दर खेपेला शीर सापडता सापडत नाही. पोरीने तिथे एकदाही रडून दाखवलं नाही. नर्स म्हणाली, किती गुणी आहे! मीही मान डोलावली, सिस्टर.

तुमच्यासारखा कान धरायला हवा होता. वाक्यं तयार होती, तुमचीच: जेव, खेळ, हसत राहा. मी काड्या गोळा केल्या, मूठभर झाल्या, चुलीकडे निघालोसुद्धा. तेवढ्यात आतून तिच्या आईचा आवाज आला, "अहो, थोडं वरण असंन तं द्या. आज खावंसं वाटून राह्यलं." कित्येक दिवसांनी.

हे पत्र तुमच्या कबरीवर ठेवायचं ठरवलं होतं, पण आता ते जमायचं नाही. तुम्ही वाचाल आणि पहिला प्रश्न विचाराल, काड्या जाळल्या नं? म्हणून इथेच सांगतो. वरण देऊन आलो आणि त्या काड्या मी गादीखाली होत्या तशा परत मांडल्या. पोरीच्या पाठीवर वळ उठतात, ते मला दिसतात. पण तिची आई जाईल याची मला इतकी भीती वाटते, की काड्या काढायला हात होत नाही.